जिन्याखालची खोली

२६ ऑगस्ट २०२५, मंगळवार. रेडिच

बँक हॉलिडेनंतरचा पहिला दिवस. जिन्याखालची खोली उघडली, २९ अंश. एसी चालू, पण नुसता घरघरतोय. सर्व्हरच्या पंख्यांचा आवाज पार पॅकिंगच्या टेबलापर्यंत.

मालक जिना उतरता उतरता थांबले. "अजून किती वर्षं काढेल हा?"

वर्षं कसली, महिने. डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर २०१६ वर. १४ जुलै २०२६ नंतर मायक्रोसॉफ्टचे पॅच बंद. खालची विंडोजही २०१६ चीच, ती १२ जानेवारी २०२७ पर्यंत. पॅच नाहीत तर सायबर इसेन्शियल्सचं प्रमाणपत्र नाही. प्रमाणपत्र नाही तर आमची दोन गिऱ्हाइकं दारात उभं करणार नाहीत.

नोव्हेंबरच्या बैठकीत कागद हवाय. एकच पान. "मला कळेल असं नको, माझ्या मुलीला कळेल असं लिही. पुढे तिलाच निस्तरायचंय."

२७ ऑगस्ट

गणपती बसले. पितळेचे, सांगलीहून हातसामानात आलेले. हिने अर्धी रजा काढली. खोबरं फ्रोझन, मोदकांना कळ्या पाडल्या कशाबशा. आईने व्हिडिओवर बघितलं. "कळ्या मोजक्याच आहेत गं," म्हणाली. पुढे काही बोलली नाही, म्हणजे पास.

२८ ऑगस्ट

पर्याय वहीत उतरवले. नवा सर्व्हर घ्यायचा आणि त्याच खोलीत ठेवायचा. नाहीतर नवा सर्व्हर घेऊन दुसऱ्याच्या डेटासेंटरमध्ये कपाट भाड्याने घ्यायचं. नाहीतर लोखंड विकत घ्यायचंच नाही, क्लाउडवर मशीन भाड्याने, सॉफ्टवेअर आपलं आपण चालवायचं. नाहीतर सगळंच सॉफ्टवेअर कंपनीच्या हवाली, त्यांच्याच क्लाउडवर, माणशी महिना इतके पौंड.

सॉफ्टवेअर कंपनीचा शेवटच्यावर फार जोर. फोन दर आठवड्याला. आग्रह दिसला की मी आधी करारातलं बाहेर पडायचं कलम वाचतो.

१ सप्टेंबर

हवामान खात्याने जाहीर केलं: १८८४ पासूनच्या नोंदींतला यूकेचा सर्वांत उष्ण उन्हाळा. आमच्या एसीला बातमी नवी नाही.

१९ जुलै २०२२ आठवला. कॉनिंग्जबीला ४०.३ अंश. त्या दिवशी लंडनमध्ये गूगलच्या आणि ओरॅकलच्या डेटासेंटरमधली थंड करणारी यंत्रणा बसली. गाय्ज अँड सेंट थॉमसची दोन्ही डेटासेंटरं बंद पडली, हॉस्पिटलवाले कितीतरी दिवस कागदावर. आमची खोली मात्र दार सताड उघडं ठेवून आणि कॅन्टीनमधला स्टँडफॅन लावून तगली.

यातून दोन्ही बाजूंचे वकील आपापला मुद्दा काढतील. कागदात घालायचं नाही.

२ सप्टेंबर

जग्वार लँड रोव्हरवर, म्हणजे जेएलआरवर, सायबर हल्ला. सिस्टिम त्यांनीच बंद केल्या. सोलिहल, हेलवुड, कामगार घरी. '७५' च्या नव्या नंबरप्लेटचा नेमका आठवडा, शोरूमवाल्यांची वर्षातली सुगी.

आईचा फोन. "टाटांचंच ना रे ते? मग?" मग काय ते तिलाही सांगता येईना, मलाही.

५ सप्टेंबर

बर्मिंगहॅम महापालिकेच्या सेक्शन ११४ नोटिशीला, म्हणजे दिवाळखोरीच्या कबुलीला, आज दोन वर्षं. गाडीत शेजारी बसणाऱ्या आमच्या मित्राने आठवण काढली. तो बर्मिंगहॅमचा रहिवासी. कौन्सिल टॅक्स गेल्या वर्षी दहा टक्क्यांच्या आसपास वाढला, यंदा पुन्हा साडेसात. त्याला ईआरपी, म्हणजे हिशेबापासून साठ्यापर्यंत सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर, माहीत नव्हतं, आता माहीत आहे.

मी बाजू घेतली असं नाही, पण समान वेतनाच्या थकबाकीचा आकडा फार मोठा होता, एकट्या ओरॅकलवर खापर फोडता येत नाही. तरी ती गोष्ट पुन्हा पुन्हा वाचण्यासारखी. १९९९ पासूनचं सॅप, आपल्या पद्धतीला बेतून बेतून घेतलेलं. एप्रिल २०२२ मध्ये ते सोडून ओरॅकल फ्यूजनच्या क्लाउडवर. ठरलं होतं की तयार सॉफ्टवेअर जसंच्या तसं वापरायचं, माणसांनी कामाची पद्धत बदलायची. माणसांनी पद्धत बदलली नाही, सॉफ्टवेअर बदललं. बँकेच्या हिशेबाचा मेळ बसेना. वीसेक मिलियनचं काम शंभराच्या पुढे.

आमच्याकडे बेतून घेतलेले प्रोग्रॅम किती? मोजायला हवेत.

८ सप्टेंबर

आमचा माल थेट जेएलआरला जात नाही. आमची स्प्रिंग दुसऱ्याच्या कुलपात, ते कुलूप तिसऱ्याच्या सीटखाली, सीट कुठेतरी सोलिहलला. तरी आज दोन ऑर्डरी पुढे ढकलल्याची मेल. तीन नंबरचं कॉइलिंग मशीन दुपारनंतर बंद ठेवलं. फोरमनने त्यावर चादर घातली, धूळ नको म्हणून.

९ सप्टेंबर

मालकांची मुलगी खाली आली. ती उत्पादन बघते, हातमोजे घालूनच. म्हणाली, "मला किंमत नको सांगूस. मला एवढंच सांग, रविवारी पहाटे हे पडलं तर कोण उठणार?"

आत्ता? मीच.

"आणि तू सांगलीला असलास तर?"

१३ सप्टेंबर, शनिवार

कारखाना रिकामा. काल रात्रीचा बॅकअप घेतला, अडगळीतला एक जुना पीसी घेतला, आणि आजच सर्व्हर जळाला असं धरून बसलो.

डेटाबेस दोन तासांत उभा राहिला. छान वाटलं. चहा केला. मग प्रोग्रॅम उघडायला गेलो तर लायसन्स मागतोय. लायसन्सची फाइल सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाला बांधलेली. कार्ड जळालं असतं तर फाइल शून्य किमतीची. सॉफ्टवेअर कंपनीची मदत सोमवार ते शुक्रवार, नऊ ते साडेपाच. थांबलो. जुन्या कार्डाचा नंबर नव्याला देऊन पुढे सरकलो.

लेबलं. गिऱ्हाइकाच्या प्रत्येक खोक्यावर लेबल लागतं, त्यावर वायरचा हीट नंबर. उद्या एखादी स्प्रिंग तुटली तर ती कुठल्या भट्टीच्या कुठल्या वितळीतून आली हे त्या नंबरावरून कळतं. त्या लेबलांचे साचे बॅकअपमध्ये नाहीत. ते पॅकिंगच्या पीसीच्या सी ड्राइव्हवर, 'न्यू फोल्डर (२)' मध्ये. गुणवत्तेच्या सर्टिफिकेटांचा एक्सेल मॅक्रो, तो निरीक्षकाच्या मशीनवर. रोज सकाळी सहाला जॉबकार्डं छापणारी स्क्रिप्ट एका अशा लॉगिनखाली चालते, ज्याचा मालक २०१९ मध्ये निवृत्त झाला.

संध्याकाळी सहा. पहिलं जॉबकार्ड निघालं. वाकडं, पण निघालं.

१४ सप्टेंबर

पाठ धरली. दिवसभर काही नाही.

१६ सप्टेंबर

केएनपीवरचं पुन्हा वाचलं. केटरिंगचे 'नाइट्स ऑफ ओल्ड', दीडशेहून अधिक वर्षांची वाहतूक कंपनी, पाचशे ट्रक. २०२३ मध्ये कुणाचा तरी सोपा पासवर्ड ओळखून हॅकर आत शिरले, असा त्यांच्याच लोकांचा अंदाज. डेटा गेला, बॅकअपही गेले. सातशे माणसं घरी. विमा होता.

विमा होता, हे वाक्य मी वहीत अधोरेखित केलं.

आमच्या विमा कंपनीचा यंदाचा फॉर्म चौदा पानी. "तुमची एक तरी प्रत नेटवर्कला न जोडलेली आहे का?" यावर गेल्या वर्षी कुणी 'हो' लिहिलंय ते बघायला हवं. एनएएस, म्हणजे बॅकअपची डिस्कपेटी, आहे, पण ती त्याच खोलीत, त्याच स्विचला.

१९ सप्टेंबर

क्लाउडवर आठवडाभरासाठी चाचणीचं मशीन घेतलं, लंडनच्या डेटासेंटरमध्ये. डेटाबेस तिकडे, प्रोग्रॅम इकडे शॉपफ्लोअरवर. फोरमनला स्कॅनर दिला.

बीप. मग वाट बघणं. त्याने पुन्हा दाबलं. एकाच पेटीची नोंद दोनदा.

रेडिच ते लंडन जाऊन येऊन फारतर दहा मिलिसेकंद. माणसाला कळत नाहीत. पण आमचा प्रोग्रॅम जुन्या वळणाचा, साठ्याचं एक पान उघडायला डेटाबेसला चारशेच्या आसपास प्रश्न विचारतो, एक झाला की दुसरा. जिन्याखालच्या खोलीत एकेका प्रश्नाला अर्धा मिलिसेकंद, कुणाच्या लक्षात येत नाही. लंडनला चारशे गुणिले दहा, चार सेकंद. तेलकट हातमोजा घालून चार सेकंद कुणी थांबत नाही.

मग प्रोग्रॅमही डेटाबेसच्या शेजारीच नेऊन ठेवला, इथे नुसता पडदा आणला. बीप आणि नोंद, जवळजवळ एकदमच. फोरमन काही बोलला नाही, पुढची पेटी उचलली.

म्हणजे अर्धं न्यायचं नाही. नेलं तर दोन्ही.

२४ सप्टेंबर

सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस आला. तरुण, चांगला, गोड बोलणारा. सगळं आम्ही बघू, अपग्रेड आपोआप, सर्व्हर विसरून जा.

आमचे बेतून घेतलेले प्रोग्रॅम? ते नव्या आवृत्तीत नाहीत, पण "त्याच कामासाठी तयार पद्धत आहे". हीट नंबर? "दुसऱ्या रकान्यात बसेल." बाहेर पडायचं असेल तर? तीस दिवस, सीएसव्ही फाइली. टेबलं किती? त्याला माहीत नव्हतं. मला माहीत आहे, आठशेच्या वर.

रात्री बॅकअपची एक प्रत आमच्याकडे रेडिचला उतरवून देता का? हा प्रश्न त्याने लिहून घेतला.

२५ सप्टेंबर

झोप लागेना म्हणून ईआरपीनेक्स्ट बघत बसलो. फ्रॅपे कंपनी मुंबईची. ओपन सोर्स, जीपीएल. हवं तर आपल्या मशीनवर, हवं तर त्यांच्या क्लाउडवर, आज इथे उद्या तिथे. बेल्जियमच्या ओडूचंही साधारण तसं, पण त्यांची पूर्ण आवृत्ती पैसे मोजून. पाच-सात वर्षांपूर्वी कोऱ्या पाटीवर लिहायचं असतं तर हट्ट धरला असता. आता लेखापालबाई निवृत्तीला आल्यात, फोरमनही. सॉफ्टवेअर आणि जागा दोन्ही एकदम बदलायची नाहीत. बर्मिंगहॅम.

हिची झोपमोड. "रात्री तुझा फोन वाजत नाही तेव्हाही तू जागाच."

२८ सप्टेंबर, रविवार

जेएलआरला सरकारची हमी, दीड बिलियन पौंडांच्या कर्जाला. पुरवठादारांना पैसे पोचावेत म्हणून. आमच्यापर्यंत पोचायला किती कड्या? बोटांवर मोजल्या, सोडून दिलं.

२ ऑक्टोबर

दसरा. ऑफिसला जायच्या आधी घरी लॅपटॉपला झेंडू. कारखान्यात मी काही केलं नव्हतं, पण मालकांच्या मुलीने कॅलेंडरवर बघितलं असावं. विचारलं, यंत्रांची पूजा असते ना आज? हळदकुंकवाची डबी नव्हती. लाल मार्कर घेऊन तीन नंबरच्या मशीनवर तिने एक ठिपका काढला. पुसू नका असं फोरमनला बजावलं.

दक्षिण कोरियाची बातमी. २६ सप्टेंबरला देजॉनच्या सरकारी डेटासेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्यांना आग. सहाशेच्या वर सिस्टिम बंद. सरकारी नोकरांच्या फाइलींचा एक साठा, ८५८ टेराबाइट, कायमचा गेला. दुसरी प्रतच नव्हती, आकार फार मोठा म्हणून.

मार्च २०२१ मध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीची पाच मजली डेटासेंटरची इमारत जळाली तेव्हा बऱ्याच गिऱ्हाइकांना कळलं की बॅकअप त्याच आवारात होते.

आमच्या यूपीएसची बॅटरी कधीची? स्टिकरवर २०१८. आजच मागवली.

६ ऑक्टोबर

रस्त्यात खोदकाम. सकाळी १०.४० ला इंटरनेट गेलं, २.१५ ला आलं. कारखाना चालूच होता, सर्व्हर जिन्याखाली ना. मालक मुद्दाम खाली येऊन हसून गेले.

बरोबर आहे त्यांचं. क्लाउड घ्यायचा तर दुसरी लाइन हवी, दुसऱ्या बाजूने येणारी, आणि वर मोबाइलवरची. तांब्याच्या जुन्या तारा तशाही जाणार, जानेवारी २०२७. लिफ्टचा अलार्म, टपालाचं फ्रँकिंग मशीन आणि एक फॅक्स अजून त्यावर आहेत. फॅक्स वापरणारं गिऱ्हाईक एकच. कॉर्नवॉलचं.

९ ऑक्टोबर

जेएलआरचा वुल्व्हरहॅम्प्टनचा इंजिन कारखाना कालपासून हळूहळू सुरू. तीन नंबरवरची चादर काढली.

१४ ऑक्टोबर

आजनंतर विंडोज १० ला पॅच नाहीत. शॉपफ्लोअरवरचे पीसी सगळे त्यावर. निदान जर्जर तरी झाले होते, बदलायला कारण मिळालं.

लेखापालबाईंशी बसलो. नवा सर्व्हर विकत घेतला तर पूर्ण किंमत त्याच वर्षी नफ्यातून वजा. क्लाउडचं भाडं हा दरमहाचा खर्च, तोही वजा, पण संपत नाही. पाच वर्षांचा हिशेब मांडला. लोखंड, एसक्यूएलचं लायसन्स कोअरमागे, एसीची दुरुस्ती, वीज, यूपीएस एका रकान्यात. भाडं, दुसरी लाइन, होस्टिंगवाल्यांची देखरेख दुसऱ्यात. क्लाउड महाग निघाला, साधारण पाचव्या हिश्शाने. बाई म्हणाल्या, "तुझे रात्रीचे तास कुठल्या रकान्यात?"

तो रकाना नव्हता. बाईंनी स्वतःच आखला.

२० ऑक्टोबर, सोमवार

नरक चतुर्दशी. पहाटे उटणं, तेल, बाहेर अंधार, पाऊस. कारिटं कुठली मिळणार. पायाखाली हिने एक चेरी टोमॅटो ठेवला. फुटला, बाथरूम पुसायला पाच मिनिटं.

आठच्या सुमारास ॲमेझॉनचा क्लाउड आडवा. बिघाड अमेरिकेत, व्हर्जिनियाकडे, आणि इथे लॉइड्स, हॅलिफॅक्स, एचएमआरसीची साइट अडखळलेली. साडेनऊला मालक माझ्या टेबलाशी. हातात चहा. बोलले नाहीत.

मीच म्हणालो, हे असं होणारच. आपण मेलो तर आपण एकटे मरतो, ते मेले तर सगळे.

"यात दिलासा कुठला?"

दिलासा एवढाच की त्यांच्याकडे हजार माणसं उठतात. आमच्याकडे मी. पण ती हजार माणसं आमच्यासाठी उठत नाहीत, हेही खरं. दोन्ही वाक्यं कागदात घेतली.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. भारतात काल की आज यावर फॅमिली ग्रुपवर युद्ध. दात्यांचं पंचांग आज म्हणतं, म्हणून आज. बत्तासे, लाह्या, आणि चोपडीच्या जागी हार्ड डिस्क. हिने हळद वाहिली, बोटाचा ठसा राहिलाय.

सांगलीच्या काकांचा फोन. हळदीची अडत. शंभर प्रश्न विचारतात, म्हणून सगळं सांगितलं. ऐकून म्हणाले, "अरे, म्हणजे हरिपूरची पेवंच की. माल आपला, पेव त्याचं. भाडं भरायचं, पावती जपायची. हळद तिथे आपल्या वखारीपेक्षा चांगली राहायची, कीड लागायची नाही. आणि २००५ ला पूर आला तेव्हा कितीक पेवांत पाणी शिरलं. पेववाला तरी काय करणार?"

मग तुम्ही काय केलंत?

"सगळा माल एका पेवात कधीच घातला नव्हता."

२०१९ च्या पुरात गणपती पेठेत पाणी आलं तेव्हा कॉम्प्युटर माळ्यावर आणि टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर, काकांच्या बंडीच्या खिशात. तीन दिवस बंडी काढली नाही.

२२ ऑक्टोबर

जेएलआरच्या हल्ल्याचा फटका १.९ बिलियन पौंड, पाच हजारांवर संस्थांना, असा सायबर मॉनिटरिंग सेंटरचा अंदाज. त्या पाच हजारांत आम्ही मोजले गेलो की नाही कोण जाणे. चादर कोण मोजतंय.

२६ ऑक्टोबर, रविवार

घड्याळं एक तास मागे. रात्रपाळीत १ ते २ हा तास दोनदा. दर वर्षी त्या तासात टाकलेली जॉबकार्डं गोंधळतात, दर वर्षी फोरमन वहीत लिहून ठेवतो आणि मी सोमवारी दुरुस्त करतो. क्लाउडवरची मशीनं सांगितलं नाही तर यूटीसीवर चालतात. उन्हाळ्यात सगळ्या नोंदी एक तास मागे पडतील. टिपून ठेवलं.

संध्याकाळी लिओवर वाचत बसलो. १९५१, हॅमरस्मिथचं कॅडबी हॉल. लायन्स, चहाची दुकानं चालवणारे, पाव-केक भाजणारे, त्यांनी स्वतःचा कॉम्प्युटर बांधला. बेकरीचा हिशेब हे धंद्याच्या कामाला कॉम्प्युटर लावल्याचं जगातलं पहिलं उदाहरण. हजारो व्हॉल्व्ह, पाऱ्याच्या नळ्यांमध्ये स्मृती. आणि पुढे त्याच मशीनवर फोर्डच्या कामगारांचे पगार. मोटार कंपनीचा पगार बेकरीवाल्यांच्या कॉम्प्युटरवर, भाड्याने. तेव्हाही फोर्डमध्ये कुणीतरी रात्री जागून विचारलं असेल, मशीन बंद पडलं तर शुक्रवारी पाकिटांत काय भरायचं?

२९ ऑक्टोबर

आज मायक्रोसॉफ्टची पाळी. अझ्युर. हीथ्रोची साइटसुद्धा. मालकांनी आज चहाही आणला नाही, लांबूनच हात केला.

३ नोव्हेंबर

स्पर्धा आयोगाचा जुलैचा निर्णय चाळला. यूकेच्या क्लाउडच्या बाजारात ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट, दोघांचे वाटे प्रत्येकी तीस ते चाळीस टक्के. सोडून जायचं तर डेटा बाहेर काढायचे पैसे, हा तक्रारीचा एक मुद्दा. आमचा डेटाबेस पेनड्राइव्हवर मावेल एवढा. आमची अडचण डेटा बाहेर काढण्याची नाही, लेबलांचे साचे शोधण्याची.

कागद लिहायला घेतला. एका पानात मावेना. फॉन्ट लहान केला, मग लाज वाटून पुन्हा मोठा केला आणि दोन परिच्छेद काढले. स्ट्रासबुर्ग गेलं, बर्मिंगहॅम राहिलं.

५ नोव्हेंबर

बाहेर फटाके, गाय फॉक्सचे. दिवाळी संपल्यावर यांची दिवाळी. आमच्या उरलेल्या फुलबाज्या शेजारच्या पोरांना दिल्या.

१२ नोव्हेंबर

बैठक. मालक, त्यांची मुलगी, बाई, मी.

सॉफ्टवेअर तेच. प्रोग्रॅम आणि डेटाबेस दोन्ही भाड्याच्या मशीनवर, लंडनला, दुसरी प्रत कार्डिफला. देखरेखीला मिडलंड्समधलीच एक छोटी होस्टिंग कंपनी, रात्री माणूस ठेवणारी. रोज रात्री एक प्रत रेडिचला उतरणार, आणि दर शुक्रवारी ती एका डिस्कवर घेऊन डिस्क काढून ठेवायची. जॉबकार्डं आणि लेबलं इथूनही छापता यायला हवीत, निदान एक पाळी, लाइन तुटली तरी. दर तीन महिन्यांनी एका शनिवारी सगळं जळालं असं धरून पुन्हा उभं करायचं.

मालकांना शनिवारचं कलम खटकलं. ओव्हरटाइम. मुलगी म्हणाली, पैसे कुठे वाचवायचे तर एसीवर वाचवा, यावर नको.

मालक बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. त्यांचे वडील रॉयल एनफिल्डला होते, इथे रेडिचलाच. कारखाना गेला, गाड्या आता चेन्नईत बनतात, आणि चांगल्या बनतात हे तेच सांगतात. "ठीक आहे," म्हणाले. "पण ती डिस्क बँकेत नको. माझ्या घरी."

पास.

१८ नोव्हेंबर

दुपारी क्लाउडफ्लेअर. अर्धं इंटरनेट बंद. आता सही झाली, आता कोण बोलतंय.

२९ नोव्हेंबर, शनिवार

रंगीत तालीम. लायसन्सची फाइल नव्या मशीनला आधीच बांधून घेतली, सॉफ्टवेअर कंपनीकडून लेखी. निवृत्त माणसाचं लॉगिन बंद, जॉबकार्डांना स्वतंत्र खातं. 'न्यू फोल्डर (२)' ला नाव दिलं.

फोन न करता मुलगी आली आणि टेबलावर बसून राहिली. मधेच म्हणाली, मला करू दे. बॅकअप तिने निवडला, रिस्टोअर तिने दाबलं. एका ठिकाणी अडली, मी बोललो नाही. कागद वाचला, पुढे गेली. कागदात एक पायरी तिला कळली नाही, ती तिच्या शब्दांत पुन्हा लिहिली. माझ्यापेक्षा बरी लिहिली आहे.

११ डिसेंबर

दुसरी लाइन बसली. खोदणारे तेच.

२३ डिसेंबर

शेवटची डिस्पॅच नोट ३.५० ला. चारला सगळ्यांना बाहेर काढलं. आता ५ जानेवारीपर्यंत कारखाना बंद. मिन्स पाय खाल्ले, फोरमनने आलं घालून केलेली कसलीशी वाइन दिली, ती ठेवून दिली.

साडेसहाला शेवटचा बॅकअप सुरू.

२४ डिसेंबर

डेटा लंडनला पोचला. मोजदाद: साठ्याच्या ओळी तितक्याच. न मिटलेल्या ऑर्डरी तितक्याच. उधारीचा आकडा पेनीपर्यंत जुळला. बाईंनी घरून तपासला, टर्की ओव्हनमध्ये असताना, असं त्यांनीच कळवलं.

२७ डिसेंबर

गुणवत्तेचा मॅक्रो चालेना. २०११ च्या एक्सेलसाठी लिहिलेला. संध्याकाळपर्यंत चालला.

३० डिसेंबर

पहाटे ३.१० ला होस्टिंगवाल्यांचा इशारा, डिस्क भरतेय. मी बघेपर्यंत त्यांच्या रात्रपाळीच्या माणसाने निस्तरलं होतं, खाली नोंद होती: लॉग फाइल, वाढवली, सकाळी बघा. पुन्हा झोपलो. हिला कळलंच नाही.

५ जानेवारी २०२६, सोमवार

पहाटे साडेपाचला कारखान्यात. बर्फ नाही, नुसती गारठ. सहाला जॉबकार्डं निघाली, सरळ. लेबलं तीन मिलिमीटर उजवीकडे सरकलेली, हीट नंबरचा शेवटचा आकडा कापला जातोय. प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये कागदाची रुंदी इंचांत घेतली होती. साडेसातपर्यंत सुटलं. तोवर फोरमनने नंबर हाताने लिहिले, सुबक.

स्कॅनरबद्दल तक्रार नाही. तक्रार एकच, पडद्यावरची अक्षरं बारीक.

जिन्याखालचा जुना सर्व्हर आता रोजची प्रत घ्यायला. पंखे निम्म्या आवाजात. एसी बंद केला तर १९ अंश.

करायचं: अक्षरं मोठी. कॉर्नवॉलचा फॅक्स. शुक्रवारची डिस्क मालकांच्या घरी कोण नेणार ते लिहून काढणे. मार्चच्या तालमीचा शनिवार ठरवणे.

वेळेचं: यूटीसी आणि आपलं घड्याळ हिवाळ्यात एकच, म्हणून आत्ता सगळं बरोबरच दिसणार. चाचणीत तारीख पुढे करून बघितलं, ठीक आलं. तरी २९ मार्च, रविवार, पहाटे एकला घड्याळं पुढे जातील तेव्हा रात्रपाळी चालू असेल. त्या रात्री मुलगी येते म्हणाली आहे.